सेकंडहँड क्रोनोग्राफ गुंतवणूक म्हणून: तीन घड्याळं समोर आहेत, कुठलं धरू?

राजारामपुरी_९वी_गल्ली

नमस्कार मंडळी. गुंतवणूक म्हणून एक जुनं क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉच असलेलं घड्याळ, घ्यायचंय. बजेट साडेचार लाख, त्यावर एक रुपया नाही. पाच-सहा वर्षं ठेवून विकायचं आहे, मधल्या काळात लग्नाकार्यात हातावर चालेल. शोधता शोधता तीन घड्याळांवर येऊन थांबलोय.

पहिलं ओमेगा स्पीडमास्टर प्रोफेशनल, मॉडेल ३११.३०.४२.३०.०१.००५. हेसलाइट काच, १८६१ मशीन. २०१७ चं वॉरंटी कार्ड, डबा, ब्रेसलेटच्या सगळ्या कड्या. पुण्याचा विक्रेता ४ लाख १० हजार सांगतोय.

दुसरं टॅग हॉयर कॅरेरा, कॅलिबर १६. डबा आहे, कार्ड नाही. मालक इथलाच, कोल्हापूरच्या शाहूपुरीतला, १ लाख ९० हजार म्हणतोय.

तिसरं मुंबईहून कुरिअरने येईल: साठच्या दशकातलं म्हणून सांगितलेलं लँडेरॉन ४८ मशीनचं क्रोनोग्राफ. डायल नवीकोरी दिसते. ६५ हजार. वरच्या बटणानं सुरू होतं पण त्याच बटणानं थांबत नाही. विक्रेत्याच्या भाषेत "किरकोळ काम आहे".

सोनं घ्यायचं तर गुजरीत, सराफ बाजारात, कॅरेटमीटरवर ठेवलं की दोन मिनिटांत आकडा कळतो. इथं कसोटी काय लावायची? घड्याळ हातात आल्यावर नेमकं काय बघायचं, आणि मुळात हे हिशेबात बसतं का?

---

बॅलन्सव्हील

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तिथं गंमत आहे. जो दोष म्हणून सांगितलाय तो दोष नाही, आणि ज्याचं कौतुक केलंय तो खरा दोष आहे.

लँडेरॉन ४८ ची रचनाच तशी आहे. वरचं बटण फक्त सुरू करतं. खालचं बटण एकदा दाबलं की थांबतं, पुन्हा दाबलं की काटे शून्यावर येतात. विक्रेत्याला हे ठाऊक नसेल, तर आतल्या मशीनबद्दल त्यानं दिलेली बाकीची माहितीही त्याच मापानं घ्या. कुणी "दुरुस्त" करायला म्हणून ते उघडलं असेल तर आणखी वाईट.

खरा दोष ती नवीकोरी डायल. साठ वर्षं जुनी डायल नवी दिसत नाही. कडेला थोडी पिवळट झालेली, लाखेवर बारीक ठिपके आलेली, अशी असते. नवी दिसते म्हणजे रंगवलेली आहे. अशा रंगवलेल्या घड्याळांना जगभरचे संग्राहक "मुंबई स्पेशल" म्हणतात, हे आपल्यासाठी काही भूषण नाही. दहापट भिंग घ्या. कंपनीची छपाई बारीक आणि कडक असते. नंतर रंगवलेल्या डायलवर अक्षरं जाड होतात, कडा फुटतात. छोट्या डायलींमध्ये मुळात गोल गोल बारीक रेघा असतील तर त्या रंगाखाली बुजलेल्या दिसतील. तळाशी सहाच्या खाली 'स्विस' अर्धवट कापलेलं किंवा गायबच असेल.

चमकणाऱ्या रंगाचीही एक परीक्षा आहे. डायलच्या तळाशी 'टी' अक्षर असेल तर त्यात ट्रिटियम हे किरणोत्सारी द्रव्य होतं. ट्रिटियमचं अर्धआयुष्य १२.३ वर्षं. म्हणजे साठच्या दशकातला ट्रिटियम आज जवळपास विझलेला असणार. अंधारात मिनिटभर टॉर्च मारून बंद केल्यावर ते हिरवं झगझगत राहिलं तर रंग नवा आहे, मग विक्रेता काहीही शपथ घेवो. गुंतवणूक म्हणून हे ६५ हजार नाहीत, ६५ हजारांची हौस आहे.

आता स्पीडमास्टर. या मॉडेलचं मागचं झाकण बंद स्टीलचं आहे, मशीन दिसत नाही, त्यामुळे बाहेरून करायच्या परीक्षा महत्त्वाच्या.

चावी, म्हणजे बाजूची गुंडी, बाहेर ओढा. १८६१ मध्ये सेकंद काटा थांबत नाही, चालूच राहतो. थांबला तर आत १८६१ नाही. २०२१ पासूनच्या ३८६१ मशीनमध्ये तो थांबतो, पण त्या घड्याळाचा मॉडेल क्रमांकच वेगळा आहे. मग घड्याळ कानाशी धरून हलवा: हे हातानं चावी द्यायचं मशीन आहे, आत रोटर फिरल्याचा आवाज आला तर तिथंच नमस्कार करून बाहेर पडा. छोट्या डायली तीन: नऊवर चालता सेकंद, तीनवर ३० मिनिटं, सहावर १२ तास. स्वस्त नकलांमध्ये बटण दाबल्यावर या डायली हलतच नाहीत, किंवा वार-तारीख दाखवतात.

काचेच्या बरोबर मध्यभागी भिंगातून ओमेगाचं इवलंसं चिन्ह दिसलं पाहिजे. नसेल तर काच बाहेरची बसवलीय. एवढ्यानं घड्याळ खोटं ठरत नाही, पण भाव पाडायला हक्काचं कारण मिळतं आणि "हे घड्याळ कुणी आणि का उघडलं" हा प्रश्नही. काचेवरच्या ओरखड्यांनी घाबरू नका. हेसलाइट म्हणजे अॅक्रिलिक, पॉलिश पेस्टनं दहा मिनिटांत साफ होते.

मग क्रोनो. चावी पूर्ण द्या, अडली की थांबा. सुरू करताना मोठा काटा (मधला, क्रोनोचे सेकंद दाखवणारा) थोडासा दचकतो, कारण इथं दोन चाकांचे दाते आडवे येऊन एकमेकांत अडकतात. अर्ध्या सेकंदाचा दचका चालतो. दर वेळी दोन-दोन सेकंद उडी, किंवा चालताना थरथर, म्हणजे दात्यांची खोली चुकीची बसवलीय किंवा ताण देणारी स्प्रिंग थकलीय. मिनिटाचा काटा साठाव्या सेकंदाच्या आसपास एका झटक्यात पुढच्या रेघेवर गेला पाहिजे. दोन रेघांच्या मध्ये लोंबकळला तर नको. शून्यावर आणताना मोठा काटा दहाही वेळा बरोबर बारावर आला पाहिजे. कधी बारावर, कधी अर्धा सेकंद पुढे असं झालं तर काटा नळीवर सैल आहे. कायम एकाच बाजूला चुकत असेल तर तो फक्त चुकीचा बसवलाय, हे सोपं काम.

लोक सगळ्यात जास्त विसरतात ती सहावरची तासाची डायल. दोन मिनिटांत ती काहीच सांगत नाही. किमान दोन तास क्रोनो चालवा. नंतर शून्यावर आणून रात्रभर बंद ठेवा. सकाळी तो काटा शून्यावरून सरकलेला असेल तर ब्रेक ढिला आहे किंवा तेल चिकट झालंय. तासाच्या काट्याला ताकद थेट बॅरलकडून (मुख्य स्प्रिंगच्या डबीकडून), घर्षणावर मिळते, म्हणून क्रोनो बंद असतानाही तो रांगू शकतो. एवढी परीक्षा विक्रेत्याच्या काउंटरवर होत नाही. म्हणून दोन दिवस आधी फोन करून तोच व्हिडिओ मागवा, घड्याळाशेजारी त्या दिवसाचं वर्तमानपत्र ठेवून.

कॅरेरावर फार लिहीत नाही. कॅलिबर १६ म्हणजे ईटीए कंपनीचं ७७५० मशीन किंवा त्याच धर्तीचं सेलिटा एसडब्ल्यू ५००. दणकट, कुठलाही शिकलेला कारागीर उघडू शकतो. रोटर एकाच दिशेला चावी भरतो, दुसऱ्या दिशेला मोकळा भिंगरीसारखा फिरतो आणि मनगटावर तो झोका जाणवतो. तो दोष नाही. रात्री ८ ते पहाटे ३ मध्ये तारीख चावीनं बदलू नका, दाते तुटतात. घालायला उत्तम घड्याळ. पण कार्डाशिवाय, आणि हा नमुना बाजारात ढिगानं असताना, यात पैसे वाढतील असं मला वाटत नाही.

---

रंकाळ्याचा_वारा

स्पीडमास्टर कशाला? मला एकानं डेटोना साडेचार लाखांत देतो म्हणून फोटो पाठवलेत. रोलेक्स म्हणजे रोलेक्स.

---

बॅलन्सव्हील

दादा, त्या भावात डेटोना मिळत असती तर इथं कुणी चर्चा करत बसलं नसतं. २००० पासूनच्या ११६५२० मध्ये रोलेक्सचं स्वतःचं ४१३० मशीन आहे, आणि त्या ४१३० चीच चिनी नक्कल आज बाजारात आहे. छोट्या डायलींची जागा, वजन, बटणांचे आटे, सगळं जुळतं. फोटोवरून तुम्हालाही कळणार नाही, मलाही नाही. उघडल्याशिवाय तो विषयच नाही.

---

खर्डेघाशी

मशीनचं झालं, आता वहीचं बोलूया.

पुण्याचा भाव ४ लाख १० हजार धरू. सहा वर्षांत एक पूर्ण सर्व्हिसिंग लागणारच. क्रोनोग्राफला साध्या घड्याळापेक्षा जास्त भाग, जास्त वेळ, म्हणून समजा ७५ हजार, पाचव्या वर्षी. विकताना तुम्ही थेट गिऱ्हाईक शोधत बसणार नाही, विक्रेत्याकडे ठेवणार. त्याचं कमिशन समजा १५ टक्के.

नुसतं मुद्दल सुटायला: ४.१० अधिक ०.७५ म्हणजे ४.८५ लाख हातात यायला हवेत. ते ०.८५ नं भागा. ५ लाख ७० हजारांना गिऱ्हाईक मिळालं तर तुमचा नफा शून्य.

आता तेच पैसे ७ टक्क्यांनी मुदत ठेवीत असते तर? ४.१० लाखांचे सहा वर्षांत ६.१५ होतात. सर्व्हिसिंगच्या ७५ हजारांवर एक वर्षाचं व्याज धरून ८० हजार. एकूण ६.९५. पुन्हा ०.८५ नं भागा: ८ लाख १८ हजार. म्हणजे ठेवीची बरोबरी करायलाच घड्याळाची किंमत सहा वर्षांत जवळपास दुप्पट व्हायला हवी, वर्षाला सुमारे १२ टक्के. लॉकरचं भाडं यात धरलेलंच नाही.

"२०२१ मध्ये बघा कसे वाढले" असं कुणी म्हणेल. २०२२ च्या सुरुवातीनंतर तोच बाजार उतरला, आणि शिखरावर घेणारे अजून भाव परत यायची वाट बघतायत. दुसरी गोष्ट, स्वित्झर्लंड ज्यात आहे त्या एफ्टा देशांशी झालेला करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालाय. स्विस घड्याळांवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्यानं उतरणार आहे. नव्याचा भाव खाली आला तर जुन्याचा वर जात नाही. कंपन्या मूळ किंमत वाढवून ती जागा भरतील हेही शक्य आहे, आणि रुपया घसरला तर उलटंही होईल. पण या तिन्हींपैकी एकही गोष्ट तुमच्या हातात नाही. तुमच्या हातात फक्त घ्यायचा भाव आहे. ३ लाख ६० हजारांना मिळालं तर वरचा सगळा हिशेब वेगळा दिसतो, म्हणून घासाघीस करायची ती इथं.

कागद. बिलावर मॉडेल क्रमांक आणि सीरियल क्रमांक दोन्ही हवेत, आणि ते कार्डावरच्या व घड्याळावरच्या क्रमांकाशी अक्षर न अक्षर जुळले पाहिजेत. विक्रेता जुन्या मालासाठीची जीएसटीची मार्जिन पद्धत वापरत असेल तर कर फक्त त्याच्या नफ्यावर लागतो आणि बिलावर वेगळा दिसत नाही. त्यात काळंबेरं काही नाही. एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्याला मान्य नाही, दंड घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा. "रोख दिलेत तर वीस हजार कमी" असं जो म्हणेल तो तुमचं बिल बुडवतोय, आणि बिल नसलेलं घड्याळ सहा वर्षांनी वीस हजारांपेक्षा बरंच जास्त तोट्यात जातं. दहा लाखांच्या वरच्या घड्याळावर २२ एप्रिल २०२५ पासून एक टक्का टीसीएस (विक्रेत्यानं गोळा करायचा आयकर) आहे, पण तुम्ही त्याच्या खूप आत आहात.

नफा झालाच तर: स्वतःच्या वापराची चल वस्तू भांडवली मालमत्ता धरली जात नाही, त्यात दागिने, चित्रं वगैरे अपवाद. पण गुंतवणूक म्हणूनच घेतलं असेल तर तो बचाव ढिला पडतो, आणि २४ महिन्यांनंतरच्या नफ्यावर १२.५ टक्क्यांचा विचार करावा लागतो. आपल्या सीएला आधीच विचारून ठेवा, विकल्यावर नको.

बँकेच्या लॉकरबद्दल एक गैरसमज आहे. आतल्या वस्तूचा विमा बँक काढत नाही. आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याच्या अफरातफरीत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच. भाडं दोन हजार असेल तर दोन लाख. चार लाखांचं घड्याळ घरच्या विम्यात नावानिशी, सीरियल क्रमांकासह लिहून घ्या.

---

उद्यमनगर_लेथ

वरचं सगळं बरोबर हाय, पण कोल्हापुरात ठेवायचं कसं हे कुणीच सांगितलं न्हाई.

पहिलं म्हणजे पॉलिश. घड्याळ आणलं की दोस्त म्हणतात, "गुजरीत नेऊन बफ मारून आण, झक्कास दिसंल." भावा, अजिबात नगं! स्पीडमास्टरच्या शिंगांना (पट्टा जिथं अडकतोय ती टोकं) वळलेली धार असती, एका बाजूला ब्रश, दुसऱ्या बाजूला आरसा, मधली रेघ कडक. बफच्या चाकानं ती रेघ गोल होती. लेथवर जास्त घेतलेला माल परत लावता येतोय काय? तसंच हाय हे. घेतानाबी हेच बघ: चारी शिंगं एकसारखी जाड हायत का, कडा बोटाला लागत्यात का, झाकणावरची कोरलेली अक्षरं उथळ झाल्यात का. व्हर्नियर असला तर जोडीजोडीनं माप घे. ओरखडे असलेलं धारदार घड्याळ चकचकीत साबणासारख्या घड्याळापेक्षा कधीबी महाग.

दुसरं मॅग्नेट. आपल्याकडं निम्मी मंडळी कारखान्यात. सरफेस ग्राइंडरच्या मॅग्नेटिक चकजवळ १८६१ घेऊन गेलास तर बारीक केसासारख्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांला चिकटतात आणि घड्याळ दिवसाला काही मिनिटं पुढं पळायला लागतंय. मोबाइलच्या कव्हरचं मॅग्नेट, स्पीकर, बायकांच्या पर्सचं बटण, सगळं तेच करतंय. ३८६१ ला १५,००० गॉसपर्यंत काही हुत न्हाई, १८६१ ला तेवढं संरक्षण न्हाई. घेताना मोबाइलमधलं होकायंत्र उघडून घड्याळ हळूच जवळ न्या. सुई गरकन फिरली तर मॅग्नेट धरलंय. घाबरू नगं, डीमॅग्नेटायझरवर अर्ध्या मिनिटात निघतंय. पण "फास्ट चालतंय, सर्व्हिसिंग पायजे" म्हणून कुणी हजारो रुपये मागत असंल तर आधी एवढं करून बघ.

तिसरं पावसाळा. जून ते सप्टेंबर आपल्याकडं कपाटातल्या चपलेला बुरशी येती, घड्याळाचं काय घेऊन बसलास. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, महिन्याला बदलायच्या. कंपनीचा डबा, कार्ड, पुस्तिका प्लॅस्टिकच्या हवाबंद डब्यात वेगळी ठेव, कारण बुरशीचे डाग पडलेल्या कार्डाचाबी भाव कमी हुतोय. स्पीडमास्टर कागदावर ५० मीटर हाय, पण रबराच्या गॅस्केटला वय असतंय. ओल्या हातानं बटणं दाबायची न्हाईत. काचेच्या आत वाफ दिसली तर त्याच दिवशी उघडून वाळवायला द्या, "उन्हात ठेवतो" म्हणत बसू नका. आतले स्टीलचे भाग गंजायला आठवडा पुरतोय.

---

राजारामपुरी_९वी_गल्ली

खर्डेघाशी, तुमचा दुप्पटवाला आकडा वाचून सकाळचा चहा गार झाला. मुंबईवाल्याला नाही कळवलं. कॅरेरा घालायला म्हणून दीडपर्यंत आलं तर बघेन, गुंतवणूक म्हणून नाही.

स्पीडमास्टरवर दोन प्रश्न. खरं-खोटं ठरवायला शेवटचा शब्द कुणाचा? आणि सर्व्हिसिंग कंपनीतच करायचं की बाहेर?

---

बॅलन्सव्हील

शेवटचा शब्द कुणाचाच नाही, हे आधी मान्य करा. २०२१ च्या नोव्हेंबरात जिनिव्हाच्या लिलावात १९५७ च्या घडणीचं म्हणून एक स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं. घेणारी खुद्द ओमेगा, स्वतःच्या संग्रहालयासाठी. २०२३ मध्ये उघड झालं की ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जुळवून बनवलेलं होतं. तुमच्या २०१७ च्या घड्याळाला इतका धोका नाही, जोडकामात कमाई असते ती जुन्या, दुर्मिळ नमुन्यांत. तुमचा खरा धोका म्हणजे चोरीचा माल, किंवा खऱ्या कार्डाबरोबर दुसरंच घड्याळ.

त्यावर व्यवहारी उपाय: विक्रेत्याला सांगा की कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये घड्याळ सर्व्हिसिंगच्या अंदाजपत्रकासाठी देऊया, पावती आल्यावर पैसे. नकली घड्याळ ते स्वीकारत नाहीत, आणि खऱ्यातले बाहेरचे भाग अंदाजपत्रकात "बदलावे लागतील" म्हणून आपोआप उघडे पडतात. एवढ्याला जो नाही म्हणतो त्याच्याकडून घेऊ नका, भाव कितीही गोड असो. सीरियल क्रमांक 'एंक्वायरस' या हरवलेल्या-चोरलेल्या घड्याळांच्या नोंदीतही टाकून बघा, २०२३ पासून ती मोफत सेवा आहे. बिलावर एक ओळ लिहून घ्या: "घड्याळ व सर्व भाग मूळ कंपनीचे, तसे नसल्याचे आढळल्यास पूर्ण रक्कम परत." तोंडी नको.

सर्व्हिसिंग: १८६१ साठी कंपनीतच. पुढच्या गिऱ्हाइकाला ती पावती दाखवायची आहे, आणि मूळ भाग बाहेरच्या कारागिराला सहज मिळत नाहीत. पण जॉबकार्डवर स्वतः लिहा, "केस व ब्रेसलेट पॉलिश करू नये; काढलेले भाग परत द्यावेत." न लिहिलंत तर पॉलिश करून मिळेल, तेही प्रेमानं. क्रोनो थोडा अडखळतोय म्हणून लगेच सर्व्हिसिंगला धावू नका आणि उत्तम चालतंय म्हणून दहा वर्षं ढकलूही नका. तेल वाळलं की धातूवर धातू घासतो आणि मग बिलात भाग चढतात.

---

राजारामपुरी_९वी_गल्ली

शनिवारी पुण्याला जातोय. विक्रेत्याकडे टाइमग्राफर (टिकटिक ऐकून घड्याळाची चाल मोजणारं यंत्र) आहे म्हणाला. त्यावर नेमकं काय बघू?

---

बॅलन्सव्हील

आधी टाइमग्राफरवर लिफ्ट अँगल ५० टाकायला सांगा; हा प्रत्येक मशीनचा ठरलेला कोन असतो, त्यावरून तो बाकीचा हिशेब करतो. बहुतेक टाइमग्राफर सुरू होताना ५२ वर असतात आणि १८६१ ला तसंच ठेवलं तर अँप्लिट्यूड (बॅलन्स चाकाचा झोका) दहा-बारा अंशांनी फुगलेला दिसतो. चावी पूर्ण द्या, दहा मिनिटं थांबा. डायल वर ठेवून २७० ते ३०० च्या मध्ये हवा. क्रोनो सुरू केल्यावर २० ते ४० नं पडेल, ते ठीक. ५० च्या वर पडला तर सर्व्हिसिंगचा खर्च आत्ताच भावातून कापायला लावा. मग चावी खाली, चावी वर, चावी डावीकडे करून बघा, उभ्या स्थितीत आकडा उतरतोच, पण २३० च्या खाली नको. बीट एरर, म्हणजे टिक आणि टॉक यांच्यातला फरक, एक मिलिसेकंदाच्या आत. पट्टीवर दोन समांतर सरळ रेघा दिसल्या पाहिजेत. लाटा दिसल्या तर एखादा दाता खराब आहे.

स्क्रीनचा फोटो काढताना लिफ्ट अँगलचा आकडा त्यात येईल असा काढा आणि इथं टाका.